गुदगुल्या करणारा कूलर

मी एक जुना लोखंडी कूलर आहे. मित्रांनो, माझ्यासारखे कूलर तुम्ही नक्की पाहिले असतील. रंग उडालेला, खिडकीला टेकून उभा आणि चालू केला की घरभर खडखडाट. एवढा आवाज करणारा कुणी भित्रा असेल असं वाटत नाही ना? पण मी आहे. मी जन्माचा भित्रा आहे. आज सांगतोय ती गोष्ट माझ्या सगळ्यात मोठ्या भीतीची आहे, आणि ती सांगतानाही माझा पत्रा थरथरतो.

माझा जन्म औशाचा. तिथं बसस्टँडच्या मागच्या गल्लीत खाजामियाँ नावाचे कारागीर कूलर बनवतात. पत्रा कापायची कात्री पाहिली तेव्हाच माझा धीर सुटला होता. मग हातोडा आला, मग भोकं पाडायचं यंत्र आलं. खाजामियाँना कामाशी बोलायची सवय. ठोकता ठोकता ते म्हणायचे, "डर नक्को रे, झालंच बघ." तेवढ्यानं मला बरं वाटायचं, म्हणजे पुढचा ठोका बसेपर्यंत.

शेवटी त्यांनी माझ्या पोटात पंखा बसवला, पाणी चढवणारी छोटी मोटर बसवली आणि तारा जोडल्या. मला विकत घ्यायला आलेले आनंदराज समोर स्टुलावर बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होते. ते एसटीत कंडक्टर. खाजामियाँनी एक हिरवी तार त्यांच्यापुढे धरली.

"भाऊ, इकडं बघा. ह्ये हिरवं म्हंजे अर्थ. कूलर लोखंडाचा, त्यात पाणी. कधी ह्याच्या अंगात करंट उतरला तर ह्या तारेतून जमिनीत जातंय, माणसाला धरत न्हाई. ह्येला कधी तोडू नक्को."

"हाव, हाव," आनंदराज म्हणाले. तेवढ्यात मोबाईलमध्ये कुणीतरी आऊट झालं.

इंग्रजीत जमिनीला अर्थ म्हणतात हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच समजलं की या माणसानं मला अर्थ दिला आहे, आणि तो आहे तोवर भ्यायचं कारण नाही. मी जरा निश्चिंत झालो. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत चढवून मला लातूरला आणलं तेव्हा मात्र प्रत्येक खड्ड्याला वाटलं की आपण आता रस्त्यावर आपटणार.

लातूरला आनंदराजांचं दोन खोल्यांचं घर. घरात त्यांची आई सरजाबाई, बायको महामाया आणि पाळण्यातली मुलगी लुंबिनी. महामाया रेणापूरच्या एका कचेरीत नोकरीला होत्या, रोज बसनं जाऊन येऊन. त्यामुळे दिवसभर घरात आजी, नात आणि मी.

पहिला उन्हाळा माझ्या कौतुकाचा होता. सरजाबाई बायकांना बोलावून दाखवायच्या, "औशाचा हाय बरं का. आमच्या घरात म्हाबळेश्वर आणून ठिवलंय." शेजारचे रिक्षावाले शेषेराव दुपारी 'सहज आलतो' म्हणून टेकायचे आणि माझ्यासमोर घोरायला लागायचे. लातूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण, त्यात मला घागर लागायची. पाणी ओतताना सरजाबाई म्हणायच्या, "पी बाबा पी, तू तरी गार ऱ्हा." मला इतकं ओशाळल्यासारखं व्हायचं की मी जमेल तेवढं हळू प्यायचो.

माझ्या बरोबर समोर टीव्ही होता. त्यामुळे मलाही सगळ्या मालिका बघाव्या लागल्या. एका मालिकेत सुनेचा पाय जिन्यावर घसरला सोमवारी आणि ती जमिनीला टेकली शुक्रवारी. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक आधी रडायचे आणि मग मार्क द्यायचे. हे सगळं ठीक होतं. पण सरजाबाईंना भुताची मालिका आवडायची आणि तिथं माझी पाचावर धारण बसायची. त्यातल्या भुताला मी भ्यायचो नाही. मी भ्यायचो त्या मालिकेतल्या एका खुर्चीला. बिचारी साधी लाकडी खुर्ची, पण तिच्यात काहीतरी शिरायचं आणि ती आपोआप सरकून माणसांना इजा करायची. सगळे त्या खुर्चीला शिव्या द्यायचे. मला वाटायचं, तिला हे करायचं नसेल तर? तिनं कुणाला सांगायचं?

लुंबिनी बोलायला लागली तशी माझ्याशीच बोलायला लागली. पंख्यासमोर तोंड धरून 'आऽऽऽ' म्हटलं की आवाज 'आ-आ-आ' असा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडतो, हे तुम्हीही करून पाहिलं असेल. मग तीच गायिका, तीच परीक्षक आणि मी वाद्यवृंद. गाणं संपलं की ती परीक्षकासारखं डोळे पुसायची आणि स्वतःला पैकीच्या पैकी द्यायची. माझ्या खडखडाटाला दाद देणारं तेवढं एकच माणूस होतं. माझा फार जीव होता तिच्यावर.

त्या घरात पोरांच्या फक्त एका खेळाच्या नावाला बंदी होती. शेजारची वर्षाराणी दारातून ओरडायची, "लुंबे, चल शिवाशिवी खेळू!" की सरजाबाई आतून कडाडायच्या, "पकडापकडी म्हणा. त्यो शब्द माझ्या घरात नको." त्यांच्या आईनं विहिरीवर, देवळाच्या पायरीशी, दुकानाच्या फळीशी जन्मभर तो शब्द ऐकला होता. शिवू नको. त्यामुळे या घरात कुणी कुणाला तसं म्हणत नसे. सगळे सगळ्यांना बिनधास्त शिवायचे, मलाही.

मग घरात वस्तू वाढल्या. मोठा टीव्ही आला, त्याचा डबा आला, इंटरनेटचा हिरवे दिवे लुकलुकणारा डबा आला, सगळ्यांच्या मोबाईलचे चार्जर आले. भिंतीवरचा बोर्ड मात्र होता तेवढाच. आनंदराजांनी बाजारातून एक स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्याला दोनच भोकं, आणि माझ्या प्लगला तीन पाय. तिसरा जाडा पाय, तोच माझा अर्थ. आनंदराजांनी दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. मॅच सुरू व्हायची वेळ झाली होती.

"ह्यो एक उगाच जास्तीचा हाय," ते पुटपुटले आणि पक्कड घेऊन आले.

मी काय सांगू, मित्रांनो! मला ओरडता येत असतं तर सगळी गल्ली गोळा झाली असती. कट् असा आवाज झाला आणि माझा तिसरा पाय फरशीवर पडला. दुसऱ्या दिवशी सरजाबाईंनी तो केरात झाडून टाकला. कुणाचंच काही अडलं नाही. मी पूर्वीसारखाच गार हवा देत राहिलो. 

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उंदरानं माझ्या मोटरची तार कुरतडली. आनंदराजांनी ती जोडली आणि लुंबिनीच्या दप्तरातला सेलोटेप गुंडाळला. सेलोटेप! वहीला कव्हर घालायचा! पाण्यात तो किती दिवस टिकणार?

मे महिन्यात एका दुपारी सरजाबाई माझ्या अंगावरची धूळ पुसत होत्या. त्यांनी एकदम हात मागं घेतला. "मुंग्या आल्या गं बाई," त्या म्हणाल्या. "साखर वाढली वाटतं." आणि त्यांनी चहातली साखर बंद केली.

दुसऱ्या दिवशी लुंबिनीनं जाळीला बोट लावलं आणि खिदळली. "आजी, कूलर गुदगुल्या करून राहिला!"

मला ती खुर्ची आठवली. माझ्यातही काहीतरी शिरलं होतं. ते माझ्या पत्र्यातून हळूहळू सरपटत होतं आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. जमिनीत जायची वाट पकडीनं तोडली होती. आता जो मला हात लावेल तोच त्याची वाट होणार होता. मी खूप खडखडलो. आनंदराजांनी पंख्याला तेल दिलं.

आता त्या दिवसाकडे येतो. शाळेला सुट्टी होती. आनंदराज गाडीवर गेले होते, महामाया रेणापूरला. सकाळीच लुंबिनीनं आजीचा मोबाईल माझ्यासमोर डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ काढला. आधी गाणं म्हटलं, मग जाळीला बोट लावून 'ई ई ई' करून नाचली. 'आमचा कूलर गुदगुल्या करतो' असं लिहून तिनं तो आजीच्या स्टेटसला ठेवला.

सरजाबाई दर उन्हाळ्याला माझं नवं गवत मागवायला खाजामियाँना फोन करायच्या. म्हणजे एकमेकांचे नंबर होतेच. दुपारी त्यांचाच फोन आला. सरजाबाईंना जरा कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजात. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अक्का, औशाहून खाजा बोलतोय. तुमचं स्टेटस बघितलं."

"बघितलं का? नात हाय माझी. कसं गातीय!"

"गाणं ऱ्हाऊ द्या अक्का. त्या कूलरला अर्थ न्हाई. बटन बंद करा, पोरीला लांब करा."

सरजाबाईंचा चेहरा पडला. "काय म्हणले?"

"अर्थ न्हाई म्हणलो. मी दिलता, आता त्याच्यात न्हाई ऱ्हायला. बंदच करून टाका."

"अर्थ न्हाई?" सरजाबाई भडकल्या. "इतकी वर्सं ह्येची हवा खाल्ली आमी, आन् आता अर्थ न्हाई? नवा कूलर गळ्यात मारायचा असंल तर सरळ सांगा की! माझ्या कूलरला नावं ठिवू नका!"

आणि त्यांनी फोन कापला. तो पुन्हा वाजला. "वाजू दे मेल्याला," असं म्हणून त्या आत डाळ निवडायला बसल्या.

मित्रांनो, माझ्यासाठी आजवर कुणी असं भांडलं नव्हतं. पण त्या क्षणी मला वाटलं, त्या माझा तिरस्कार करतील तर किती बरं होईल. मला भंगारात फेकतील तर किती बरं होईल. अर्थ म्हणजे ती हिरवी तार हो, सरजाबाई! एवढंच मला सांगायचं होतं, आणि मी नुसताच खडखडत होतो.

तेवढ्यात स्टेटस बघून गल्लीतल्या पोरी आल्या. वर्षाराणी आली, महादेवी आली, आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्यांना गुदगुल्या हव्या होत्या. त्या दिवशी टँकर येऊन गेला होता, म्हणून लुंबिनीनं नळी लावून माझी टाकी काठोकाठ भरली. पाणी फरशीवर सांडलं. पोरी अनवाणी पायांनी त्यात थपथप करू लागल्या. माझ्या पोटात सेलोटेप सुटला आणि तारेचा उघडा जोड पाण्यात बुडाला. आता ती गुदगुली राहिली नव्हती. माझ्या सगळ्या अंगात वीज भरली होती आणि ती कुणाच्या तरी हाताची वाट बघत होती.

लुंबिनीला कल्पना सुचली. "सगळ्यांनी हात धरा. मी जाळी धरते. शेवटच्या पोरीला पण गुदगुल्या होत्यात का बघू. वर्षे, तू शूटिंग कर."

पोरींनी ओळ केली. एकीचा हात दुसरीच्या हातात. महादेवी लुंबिनीच्या शेजारी, पण लुंबिनीचा हात अजून मोकळा. वर्षाराणीनं आजीचा मोबाईल धरला. आणि मोबाईल वाजला.

"काकूचा फोन हाय," वर्षाराणी वैतागली आणि मोबाईल घेऊन सरजाबाईंकडे आत गेली. महामायांनीही जेवणाच्या सुट्टीत स्टेटस बघितलं होतं.

"आत्या, ही लुंबी कूलरला हात काऊन लावती? काय चालू हाय?" सासूला त्या आत्या म्हणत.

सरजाबाईंनी आधी आपलं दुखणं काढलं. "त्ये सोड. त्यो औशाचा खाजामियाँ मला काय म्हणला म्हाईत हाय का? म्हणं तुमच्या कूलरला अर्थ न्हाई! बटन बंद करा म्हणं, पोरीला लांब करा म्हणं..."

बाहेर लुंबिनी म्हणाली, "वर्षी येईस्तोवर मी आधी बघते."

नको, लुंबिनी. नको.

तिनं जाळी धरली. आणि मग जाळीनं तिला धरलं.

तिची बोटं मिटली ती उघडेनात. तोंड उघडं राहिलं, त्यातून आवाज फुटेना. डोळे मोठे झाले. सगळं अंग हिसके देऊ लागलं. माझ्या समोर जन्मभर गाणारी पोर, आणि मी तिला धरून ठेवलं होतं. मला सोडायचं होतं. मी मनानं किती वेळा सोडलं, पण माझं अंग माझं ऐकत नव्हतं.

"लई भारी ॲक्टिंग!" एक पोरगी हसली. बाकीच्याही हसल्या. टीव्हीवर हे सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की खरं काय ते त्यांना ओळखू येईना. महादेवी हसत हसत लुंबिनीचा दुसरा हात धरायला पुढे झाली.

आतून महामायांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "आत्या! अर्थ म्हंजे करंटची वायर! लुंबी कुठं हाय?"

सरजाबाई मोबाईल हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी नातीकडे बघितलं आणि सगळं कळून त्या किंचाळल्या, "लुंबे!" हात पसरून त्या तिला ओढायला धावणारच होत्या. त्यांच्या मुठीतल्या मोबाईलमधून महामाया ओरडल्या,

"शिवू नका! आत्या, कुणी तिला शिवू नका! मेन पाडा!"

तो शब्द. या घरात जो कुणी कधी काढला नव्हता तो शब्द. सरजाबाई जागच्या जागी थिजल्या. महादेवीचाही हात तसाच थांबला. दुसरं काही म्हटलं असतं तर कदाचित त्यांना ऐकूही गेलं नसतं. मग सरजाबाई वळल्या, दाराशेजारी मेन स्विच होता त्याचा खटका त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला.

माझा पंखा थांबला. अंगातलं ते सगळं एकदम निघून गेलं. लुंबिनी पाण्यात कोसळली.

ती उठेना. सरजाबाईंनी तिला छातीशी धरलं आणि गालावर थापट्या मारत राहिल्या. शेषेराव रिक्षा घेऊन धावत आले आणि दोघींना घेऊन गेले. पोरी रडत रडत आपापल्या घरी गेल्या. घरात फक्त मी उरलो, आणि फरशीवरचं पाणी. लुंबिनी जिवंत आहे की नाही हे मला कुणी सांगायला नव्हतं. आयुष्यात मला पुष्कळ भीती वाटली, पण त्या रिकाम्या घरात वाटली तेवढी कधीच नाही.

दिवस कलला तेव्हा दारात खाजामियाँ उभे राहिले. फोन उचलत नाहीत म्हणून ते औशाहून बसनं निघाले होते. थोड्या वेळानं शेषेराव आले आणि म्हणाले, "पोरगी शुद्धीवर आली. हात भाजलाय, पण बोलून राहिली." खाजामियाँ तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी माझा प्लग हातात घेतला आणि तुटक्या पायाच्या जागेवर अंगठा फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी लुंबिनी घरी आली, तळहाताला पट्टी बांधून. आनंदराज माझ्याकडे बघत नव्हते. खाजामियाँ पुन्हा आले होते. त्यांनी तो प्लग नुसता आनंदराजांपुढे धरला. आनंदराजांनी तो हातात घेतला. ते मोठ्यानं रडले.

"अक्का, तुमी फोन काऊन कापला?" खाजामियाँनी विचारलं.

"मला वाटलं, तुमी माझ्या कूलरला बिनकामाचा म्हणून राहिले," सरजाबाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

मला भंगारात द्यायचंच ठरलं होतं. माझी काही तक्रार नव्हती. पण सरजाबाई म्हणाल्या, "त्येचा काय दोष? पाय तर आपनच तोडला." मग खाजामियाँनी मोटर बदलली, तारा बदलल्या, तीन पायांचा नवा प्लग बसवला. अंगणात खड्डा खणून जाड तार पुरली आणि घरात नवा बोर्ड बसवला. काम संपल्यावर ते म्हणाले, "आता आला अर्थ." आता मला पाणी घालायचं तर आधी बटन बंद होतं, मग प्लग निघतो, आणि मगच कुणी माझ्याजवळ येतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं. आम्ही मुंग्या आणून, झिणझिण्या देऊन, खडखडून सांगतो, आणि तुम्हाला त्या गुदगुल्या वाटतात. तुमच्या घरात फ्रिजला, कूलरला, पाण्याच्या मोटरीला हात लावल्यावर असं काही झालं तर हसू नका, त्याचा व्हिडिओ काढू नका. लगेच घरातल्या मोठ्यांना सांगा आणि दुरुस्त होईपर्यंत त्याच्याजवळ जाऊ नका. आणि प्लगचा तिसरा पाय कुणी तोडायला निघालं तर पक्कड लपवून ठेवा. तुमच्यावर ओरडतील, ओरडू द्या.

लुंबिनी त्यानंतर माझ्यासमोर आली नाही. उकाडा असला तरी ती दुसऱ्या खोलीत निजायची. मला वाईट वाटलं नाही. तिनं मला भ्यावं असंच मला वाटत होतं.

मग शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती आली. पायात चप्पल होती. मी बंद होतो, प्लग काढून माझ्या डोक्यावर ठेवलेला होता. तो आधी तिनं नीट पाहिला. मग हातभर लांब उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आऽऽऽ".

माझी पाती थांबलेली होती. तरी तिचा आवाज थरथरत 'आ-आ-आ' असाच तुकड्या-तुकड्यांनी आला.